गर्दी नसलेली खोली

विजेच्या कचेरीत त्याला सगळे 'खार' म्हणत. साहेबांपासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत कुणीच त्याला खऱ्या नावाने हाक मारत नसे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. नाव शोभायचंच त्याला. अंगाने किरकोळ, खांद्यावर दोरीचं वेटोळं, कमरेच्या पट्ट्यात पक्कड आणि पाने. खांबाखाली उभा राहिला की क्षणभर वर बघायचा, तळहात पँटला पुसायचा आणि बघता बघता टोकाला पोचायचा. वाऱ्याने हलणाऱ्या टॉवरवर तो असा निवांत बसे, जसा दुसरा कुणी स्वतःच्या घराच्या पायरीवर बसेल. वादळात तारा तुटल्या की साहेबांचा पहिला फोन त्यालाच. नव्या भरतीतल्या लाइनमनना दाखवायला त्याला मुद्दाम वर चढवत, आणि ते सगळे खाली माना दुखेपर्यंत बघत राहत. "भीती म्हणजे काय ते याला ठाऊकच नाही," असं त्याच्याबद्दल बोललं जाई. तो ऐकायचा, हसायचा आणि विषय बदलायचा.

खरी गोष्ट अशी होती की खांबावर चढायचं काम त्याने भीतीपोटीच मागून घेतलं होतं.

नोकरीला लागला तेव्हा त्याला जमिनीखालच्या केबलवर टाकलं होतं. रस्त्याखाली विटांच्या चौकोनी कोठड्या असतात, वर लोखंडी झाकण. एका दुपारी तो एकटाच खाली उतरून केबलचा जोड बघत होता. वरचे दोघे जेवायला गेले. जाताना, कुणी आत पडू नये म्हणून त्यांनी झाकण अर्धं ओढून ठेवलं. तेवढ्यात मालाचा एक ट्रक आला, त्याच्या चाकाने झाकण पुरतं सरकवलं आणि ट्रक त्यावरच उभा राहिला. ड्रायव्हर माल उतरवायला गेला. खाली बॅटरी मंदावली आणि विझली. याने पान्याने झाकण ठोकलं, ओरडला, घसा फोडला. वर रस्ता वाहत होता, कोण ऐकणार? किती वेळ गेला ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. झाकण निघालं तेव्हा वरचे दोघे हसत होते. "काय रे, झोप झाली का मस्त?" म्हणाले. तोही हसला. हसण्यावाचून दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं, मला खांबावर पाठवा. खाली कुणी तयार नसायचं तसं वरही कुणी तयार नसायचं, त्यामुळे साहेब खूश झाले. पोरगा धाडसी आहे म्हणाले. तेव्हा 'खार' हे नाव पडलं ते पडलंच.

पुढे आयुष्यभर त्याने ही गोष्ट सांभाळली. लपवायचं म्हटलं की किती बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते ज्याचं त्यालाच कळतं. लिफ्ट दिसली की त्याला व्यायामाची हुक्की यायची आणि तो जिन्याने जायचा. बसमध्ये दाराजवळची जागा. न्हाणीघराची कडी तो कधी लावत नसे, त्याऐवजी आत मोठ्याने गात बसे, म्हणजे कुणी दार ढकलू नये. गळा बेसूर होता. बायको म्हणायची, "अहो, कडी लावा आणि गाणं थांबवा." तो म्हणायचा, "अगं, पाण्याबरोबर गाणं येतंच." आणि तेवढ्यावर भागायचं.

बायको पडदे शिवायची. मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत चार-पाच मशिनी होत्या, त्यातली खिडकीजवळची तिची. लोकांच्या खिडक्यांची मापं तिच्या हातून जायची. कापडाला नुसता हात लावून ती सांगायची, याच्यातून ऊन येईल, याच्यातून येणार नाही. बोलकी, हसरी, आणि सिनेमा म्हणजे जीव की प्राण. लग्न झाल्यावर पहिल्याच सुट्टीला तिने त्याला थिएटरात नेलं. दिवे गेले, दारं लागली, दारांवरचे जाड पडदे ओढले गेले, आणि त्याच्या छातीवर कुणीतरी येऊन बसलं. "पाणी घेऊन येतो," म्हणून तो उठला, तो सिनेमा संपेपर्यंत बाहेरच्या फुटपाथवर. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे रडून लाल झाले होते; सिनेमा दुःखी होता, असं त्याला वाटलं. काहीतरी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "मला गर्दी सोसत नाही गं."

तिने बरं म्हटलं. पुन्हा आग्रह केला नाही. दुकानातल्या मैत्रिणीबरोबर जाऊ लागली, कधी एकटीच, आणि घरी आल्यावर जेवताना त्याला सगळा सिनेमा सांगायची. हातवारे करून, आवाज बदलून, मधेच "थांबा, हे आधी सांगायला हवं होतं" म्हणत मागे जाऊन. त्याला ते फार आवडायचं. आपलं बरं चाललंय, असंच तो समजत होता.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. आणि दोघांनी गावाच्या कडेला छोटासा प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, मागच्या बाजूला एक खोली, आणि वर एक. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा एका संध्याकाळी बायको त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. खोलीला एक खिडकी होती, मागच्या बोळाकडे उघडणारी. अजून चौकट बसायची होती.

"ही खोली कशाला ठेवायची, ते मी ठरवलंय," ती म्हणाली. "आधी हसू नका."

"नाही हसत."

"इथे आपण आपलं थिएटर करू. घरातलं. दादाला विचारून झालंय, तो म्हणतो होईल."

तो हसला नाही.

"आपल्या दोघांपुरतं," ती पुढे म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता, नवीन लग्न झालेल्या मुलीसारखा. "तुम्हाला गर्दी सोसत नाही ना, मग इथे कुठली गर्दी? दोन खुर्च्या, फार तर तीन. इतकी वर्षं मी तुम्हाला तोंडी सिनेमे सांगितले. आता शेजारी बसून बघू."

खांबावर असताना पाय सुटला तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. इथे काय धरायचं ते कळेना. स्वतःच केव्हातरी टाकलेली एक लहानशी थाप इतक्या वर्षांनी फिरून आली होती, आणि ती इतक्या मायेने आली होती की तिला नाही म्हणणं म्हणजे बायकोच्या तोंडावर दार लावण्यासारखं झालं असतं.

"चांगलंय," तो म्हणाला.

तिचा दादा म्हणजे याचा मेहुणा. सभांना, समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. सगळा गाव त्याला भोंगेवाला म्हणे. माणूस प्रेमळ, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की समोरच्याला बोलू देईल तर शपथ. पुढच्याच रविवारी तो टेप आणि खडू घेऊन हजर झाला. समोरच्या भिंतीवर त्याने खडूने पडद्याचा चौकोन काढला, जमिनीवर खुर्च्यांच्या जागा आखल्या.

"समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात हा जाड आवाजाचा डबा. भावोजी, विमान उडालं ना, तर डोक्यावरून गेल्यासारखं वाटेल. पण खोली बंद पाहिजे. डबाबंद. आवाज बाहेर जाता कामा नये आणि उजेड आत येता कामा नये."

"खिडकी आहे की," लाइनमन म्हणाला.

"बुजवायची."

"हवा कुठून येणार?"

"एसी."

"प्रोजेक्टर तापतो म्हणतात. खिडकी असलेली बरी."

"प्रोजेक्टरला स्वतःचा पंखा असतो. भावोजी, तुम्ही आकाशातलं बघा, जमिनीवरचं माझ्यावर सोडा."

बायको हसली. लाइनमनने शेवटचा प्रयत्न केला. "मी काय म्हणतो, हॉलमध्येच करू या की. हॉल चांगला ऐसपैस आहे. मोठा टीव्ही लावू भिंतीवर."

बायकोचा चेहरा पडला. "हॉलमध्ये माणसांची ये-जा. कुणी बेल वाजवणार, कुणी बसायला येणार. तुम्हीच उठून जाल मग. तुमच्यासाठीच तर आत घेतेय ना?"

जे कारण पुढे करावं, ते तिने आधीच त्याच्या सोयीने मोडीत काढलेलं. तो गप्प झाला, आणि गप्प झालेला नवरा म्हणजे तयार झालेला नवरा, असा हिशेब भावंडांनी केला.

वायरिंगही त्यालाच करावं लागलं. विजेच्या माणसाच्या घरात बाहेरचा वायरमन आणला असता तर कचेरीत हसले असते. प्लास्टर होण्याआधी भिंतीत खाचा पाडून त्याने पाइप टाकले, छताच्या मधोमध प्रोजेक्टरसाठी वायर उतरवली, मागच्या दोन स्पीकरच्या तारा कोपऱ्याकोपऱ्याने नेल्या. काम नेटकं झालं. काम वाईट करणं त्याला जमायचंच नाही. पण पाइपला क्लॅम्प मारताना दर वेळी वाटायचं, आपणच आपल्याला एकेक खिळा ठोकतोय. एका संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, आई सांगत होती खोलीचं. खिडकी बुजवणार म्हणे."

"हो. छान होणार आहे."

मग ती म्हणाली, "आजी आजारी होती तेव्हा हॉस्पिटलमध्ये लिफ्ट मधेच अडकली होती, आठवतं? मी लहान होते, मीच हट्ट करून तुम्हाला लिफ्टमध्ये नेलं होतं. तुम्ही माझा हात धरला होता. दुसऱ्या दिवशी तो काळानिळा पडला होता. मी आईला सांगितलं, झोक्यावरून पडले."

लाइनमन खिडकीच्या उघड्या भोकातून बाहेर बघत होता. बोळातून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, ती वळणावर दिसेनाशी झाली.

"तुला माहितीये म्हणजे."

"आईला सांगा ना. नाहीतर मी सांगते."

"नको. अजिबात नको. मी करतो काहीतरी."

'काहीतरी' म्हणजे सवय करून घ्यायची, असं त्याने ठरवलं होतं. माणसाला कशाचीही सवय होते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कामावरून येताना तो बांधकामावर थांबायचा, एक प्लास्टिकची खुर्ची मागच्या खोलीत ठेवायचा आणि दाराच्या भोकाला पत्रा टेकवून बसायचा. पत्र्याच्या फटीतून उजेड यायचा, खिडकीतून बोळातले आवाज यायचे. तेवढं जमायचं. मग पत्रा जरा आणखी सरकवायचा. घाम फुटायचा, पण तो बसायचा. पुढच्या भिंतीवरच्या खडूच्या चौकोनाकडे बघत बसायचा, जसं काही तिथे चित्र चालू आहे. एकदा बायको अचानक आली आणि त्याला तसं बसलेलं पाहून दारातच थांबली. तिला भलताच आनंद झाला. "तुम्हाला पण इतकी घाई झालीय?" ती म्हणाली. त्या दिवसापासून ती दुकानातून परतल्यावर रोज थोडं काळं मखमली कापड घेऊन मशीनवर बसू लागली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सोडायला.

मग खिडकी बुजवायचा दिवस आला. गवंडी म्हातारा होता, कमी बोलायचा. दुपारभरात त्याने विटा रचून खिडकीचं भोक बंद केलं आणि सिमेंट ओलं आहे, कुणी हात लावू नका, असं बजावून गेला. संध्याकाळी लाइनमन त्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला. इतक्या दिवसांची सवय खिडकीबरोबर बुजली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुताराने खास दार आणलं होतं. दोन फळ्यांच्या मध्ये कापसासारखं काहीतरी भरलेलं, कडेने रबराची पट्टी, दोन माणसांनी उचलावं इतकं जड. मेहुणा आणि सुतार यांनी मिळून ते चौकटीत बसवलं. बाहेरून ओढायला मूठ लावली, आतली मूठ अजून पिशवीतच होती. लाइनमन आत छताखाली शिडीवर उभा होता, प्रोजेक्टरची वायर तपासत. वायरला हात लावायचा म्हणून मेनस्विच त्याने स्वतःच बंद केला होता. उजेड येत होता तो फक्त दारातून.

"भावोजी, तिथेच थांबा," मेहुणा म्हणाला. "दार लावून बघू. मी बाहेरून हाका मारतो, ऐकू आल्या तर ओ द्या."

"थांब, मी उतरतो आधी," लाइनमन म्हणाला. पण मेहुणा समोरच्याचं ऐकणाऱ्यातला नव्हता. दार लागलं. नवं रबर, नवी चौकट. खांद्याने रेटून त्यांनी ते चिकटवलं.

आत काळोख झाला. नुसता काळोख नाही, कानांतसुद्धा काळोख झाला. बाहेर शेजारच्या प्लॉटवर सिमेंट कालवायचं यंत्र सकाळपासून घरघरत होतं, तेही बंद पडल्यासारखं झालं. लाइनमन शिडीवरून उतरला की पडला, ते त्याला कळलं नाही. दारापर्यंत गेला, हात फिरवला, मूठ नव्हती. त्याला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. तेव्हा त्या कोठडीत तो गळा फाटेस्तोवर ओरडला होता. आता इतक्या वर्षांनी गळ्याला जणू ते आठवत होतं की ओरडून उपयोग नसतो.

बाहेर मेहुणा दाराला तोंड लावून हाका मारत होता आणि कान लावून ऐकत होता.

"काही येतंय का ऐकू?" सुताराने विचारलं.

"काहीच नाही," मेहुणा खूश होऊन म्हणाला. "एक नंबर काम झालंय तुमचं." आणि दोघं दाराच्या कडेने रबर नीट बसलंय का, ते वरून खालपर्यंत बघत राहिले.

आत लाइनमन भिंतीला धरून चालत होता. हाताला ओलं लागलं. गार, किंचित मऊ, कालची विटांची भिंत. मग त्याने विचार केला नाही. पट्ट्यातला पाना काढला, सांध्यात घातला आणि पिरगाळला. पुन्हा. तळहाताने ढकललं, खांद्याने ढकललं. एक वीट हलली, बाहेरच्या अंगाला गेली, आणि बोटाएवढा उजेड आत आला. त्या उजेडाकडे तो असा तुटून पडला की पुढच्या विटा त्याने पान्याने काढल्या की नखांनी, ते त्यालाही सांगता येणार नाही.

नेमकी त्याच वेळी त्याची बायको बोळातून येत होती. हातात काळ्या मखमलीचं गाठोडं. तिच्या पुढ्यात घराच्या भिंतीतून वीट निघून रस्त्यावर पडली. मग दुसरी. मग भोकातून एक हात आला, बोटं सोललेली, आणि त्या हातामागून तिच्या नवऱ्याचं डोकं, केसांत सिमेंट. तो तोंड उघडून हवा घेत होता, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी.

"अहो," ती म्हणाली. "अहो, काय झालं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. श्वास जरा जागेवर आला. आणि तशाही अवस्थेत त्याच्या तोंडून निघालं, "भिंत कच्ची होती. विटा नीट बसल्या नव्हत्या. म्हणून पाडली."

मेहुणा धावत आला, पाहतो तर नव्या भिंतीला भगदाड. गवंड्यावर त्याचा असा संताप झाला की विचारू नका. फोन लावला, वाट्टेल ते बोलला. "माणसाच्या अंगावर पडली असती म्हणजे?" बायकोने नवऱ्याची बोटं धुतली, पट्टी बांधली. पट्टी बांधताना ती मधेच थांबून त्याच्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गवंडी आला. पायातल्या चपला बाहेर काढून, दुसऱ्याच्या घरी माफी मागायला आल्यासारखा. त्याने पडलेल्या विटा एकेक करून पाहिल्या, बाजूला लावून ठेवल्या. मेहुणा तोंडसुख घेत होता. गवंडी म्हणाला, "मी परत बांधून देतो. मजुरी नको मला. पण साहेब, माझ्या हातची भिंत अशी कधी पडली नाही. म्हातारपण आलं म्हणायचं." आणि तो खाली बसून थापी साफ करू लागला. त्याची मान खाली होती.

लाइनमन दारात उभा होता. भिंत परत उभी राहणार, आणि तीही या माणसाच्या मानेवर. आता सांगितलं नाही तर या खोलीत तो जन्मभर बसेल, आणि शेजारी बायको असेल, आणि तिला वाटत राहील की सगळं छान आहे.

"यांची चूक नाही," तो म्हणाला. "भिंत चांगली होती. मी पाडली."

"का?" मेहुण्याने विचारलं.

"मला आत राहवेना. बंद खोलीत मला राहवत नाही. कधीच नाही राहवत."

मेहुणा आधी हसला. त्याला वाटलं, भावोजी गवंड्याला वाचवायला बघतायत. "अहो, तुम्ही? टॉवरवर चढणारे?" मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि हसू आवरलं. गवंड्याने मान वर करून एकदा लाइनमनकडे पाहिलं, पाण्याच्या बादलीत हात धुतला आणि मेहुण्याला म्हणाला, "चला, आपण बाहेर चहा घेऊ." मेहुणा त्याच्यामागे गेला.

दोघं त्या खोलीत उरली. भोकातून सकाळचं ऊन जमिनीवरच्या खडूच्या खुर्च्यांवर पडलं होतं. लाइनमनने तिला कोठडीचं सगळं सांगितलं. झाकण, ट्रक, बॅटरी, वरची माणसं हसत होती ते. लिफ्टचं सांगितलं. न्हाणीघरातल्या गाण्याचंही सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती जवळ येईल. ती आली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"म्हणजे गर्दीचं खोटं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला माहितीये, मला काय वाटायचं?"

"काय?"

"मला सिनेमा बघताना हसू आलं की मी मोठ्याने हसते, रडू आलं की हुंदके देते. लोक वळून बघतात. पहिल्याच वेळी तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटली. मी शेवटपर्यंत त्याच्यावरच रडत होते, सिनेमावर नाही. पुढे मी एकटी जाऊ लागले ते तुम्हाला अवघडायला नको म्हणून. दर वेळी तोंडावर रुमाल धरून बसायचे."

"मला कधी लाज नाही वाटली," तो म्हणाला.

"ते मला आज कळतंय. इतक्या वर्षांनी. आणि तेही गवंड्यामुळे." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुम्ही खाली अडकला होतात ते तुमच्या हातात नव्हतं. पण मला तुम्ही अडकवलंत."

त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. जेवायला वाढायची, समोर बसायची, पण सिनेमे सांगणं बंद. तो रोज काहीतरी बोलायचं ठरवून यायचा आणि पाट्या टाकल्यासारखा जेवून उठायचा. राहतं घर तेवढंच होतं, खिडक्या उघड्या होत्या, तरी त्याला त्या दिवसांत श्वास कमी पडायचा. मुलीला कळलं तेव्हा ती आईची समजूत घालायला लागली, तर आईने तिलाही फैलावर घेतलं. "तू पण लपवलंस माझ्यापासून," म्हणाली. त्यामुळे मायलेकींतही काही दिवस अबोला.

खोलीचं काय करायचं, ते कुणी काढत नव्हतं. एक दिवस तो कामावरून बांधकामावर आला, तर भोकात खिडकीची चौकट बसली होती. तिनेच गवंड्याला आणि सुताराला बोलावून बसवून घेतली होती. दाराला आतून मूठ होती, आणि सुताराने रबर काढून टाकलं होतं. खिडकीवर दुहेरी कापडाचा काळा पडदा होता, दोरी ओढली की एका झटक्यात बाजूला होणारा. ती दोरी खुर्चीच्या हातापर्यंत आणलेली होती.

"दादा म्हणतो, असं केलं तर अर्धी मजा जाते," ती म्हणाली. "मी म्हटलं, जाऊ दे."

"मी बसेन," तो म्हणाला.

"बसा म्हणत नाहीये मी. खोली माझी आहे. तुम्हाला वाटलं तर या."

नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्या संध्याकाळी तिने सिनेमा लावला. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, दार सताड उघडं ठेवून. हॉलमधला उजेड पडद्यावर पडत होता आणि माणसांचे चेहरे पांढुरके दिसत होते. थोड्या वेळाने त्याने स्वतःच दार अर्धं लोटलं. आणखी थोड्या वेळाने तो उठला आणि अंगणात गेला. आतला आवाज थांबला. तिने रिमोटने चित्र थांबवलं होतं. तो उभा होता तिथून, हॉलपलीकडच्या अर्ध्या उघड्या दारातून, खिडकीच्या पडद्याची कड निळी दिसत होती, आणि त्या निळ्या उजेडात ती एकटी बसून वाट बघत होती, हाक न मारता. त्याला ते सोसवेना. हाक मारली असती तर नाही म्हणता आलं असतं.

तो परत आत गेला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा चित्र थांबलं.

"तू बघ ना पुढे," तो दारातून म्हणाला.

"मला घाई नाही."

"मला आहे. तू थांबलीस की मला यावंच लागतं. मग आतही अडकतो आणि बाहेरही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "खरं सांगताय?"

"खरं."

तिने बटण दाबलं आणि सिनेमा पुढे गेला. तो अंगणात राहिला, वारा खाल्ला, आणि मनात आलं तेव्हा आत येऊन बसला. मधलं काय गेलं ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

तसा तो सिनेमा त्याने पुढच्या दोन-तीन संध्याकाळी तुकड्या-तुकड्याने पुरा केला. शेवटच्या दिवशी दार बरंचसं लोटलेलं होतं आणि एक हात पूर्ण वेळ पडद्याच्या दोरीवर होता. नावं वर सरकू लागली तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोने दिवा लावला.

"कसा वाटला?" तिने विचारलं.

त्याला पटकन 'छान' म्हणायची जुनी सवय होती. शब्द ओठांवर आलासुद्धा.

"नाही आवडला," तो म्हणाला. "उगाच लांबवलाय."

"मलाही नाही आवडला," ती म्हणाली, आणि खुर्च्या सरळ करू लागली.